शर्टाचा भाव, मागीलप्रमाणे

८ मे १९८७, शुक्रवार. पॉपलिनचा तयार शर्ट, पांढरा, अर्ध्या बाह्यांचा, अडतीस नंबर: अठ्ठेचाळीस रुपये पन्नास पैसे. स्थळ करोल बाग. हजर तिघे: दुकानाचे मालक लालाजी, माझे वडील आणि मी. शर्ट कुणी विकत घेतला नाही. बाबांनी भाव विचारला, तक्त्यात पेन्सिलीनं लिहिला, लालाजींना नमस्कार केला आणि आम्ही पुन्हा उन्हात आलो.

हे सगळं तारीखवार आठवतं, कारण त्यानंतरच्या सोमवारी माझा संख्याशास्त्राचा पेपर होता. बी. ए. ऑनर्स, अर्थशास्त्र, दुसरं वर्ष. दिल्लीत मे महिना हा परीक्षेचाच महिना. पहाटेपासून उकाडा, दहा वाजता लू, तो भाजणारा वारा, सुटायची, आणि आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरांच्या रांगा दुपारभर खिडक्या लावून पडून राहायच्या. कूलरच्या खसच्या पडद्यावर पाणी ओतलं की पहिली दोन मिनिटं खोलीभर गार, ओल्या मुळांचा वास यायचा. मग पाणी संपायचं आणि उरायचा तो नुसता आवाज. त्या आवाजात मी मागणीचे वक्र काढत बसायचो. घामानं वहीचा कागद मनगटाला चिकटायचा. हात उचलला की वक्राची शाई थोडी कातडीवर आलेली असायची.

आता आम्ही नोएडात अकराव्या मजल्यावर राहतो. खिडक्या आताही लावलेल्याच असतात, पण त्या एसीसाठी. खाली रस्त्याच्या कडेला बहावा फुलला आहे. माझी मुलगी सई त्याला अमलतासच म्हणते. तीही अर्थशास्त्रच शिकते. मी सुचवलं नव्हतं. गेल्या आठवड्यात ती लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "बाबा, हे इंडेक्स नंबरचे वेट्स मला अजिबात समजत नाहीयेत, यार." वडिलांना यार म्हणणं हे तिच्या पिढीचं. मी चष्मा लावला आणि समजावून सांगितलं. व्यवस्थित सांगितलं. तेवढं मला येतं.

बाबा आकडेवारीच्या एका सरकारी कार्यालयात होते. हुद्दा लहान, काम एकच: भाव घेणं. महिन्याच्या ठरलेल्या शुक्रवारी, ठरलेल्या बाजारात, ठरलेल्या दुकानांत जायचं आणि एकवीस वस्तूंचे भाव लिहून आणायचे. वस्तू तीच हवी, बनावट तीच, माप तेच. शर्ट म्हणजे कोणताही शर्ट नव्हे. कॉलरच्या आतली पट्टी बघून, कापड चिमटीत धरून, मगच आकडा लिहायचा. त्यांचा तक्ता पुढे कुठल्याशा मोठ्या टेबलावर जायचा, देशभरातल्या तसल्याच तक्त्यांत मिसळायचा, आणि त्यातून किमतींचा निर्देशांक निघायचा. त्या निर्देशांकावर सरकारी नोकरांचा महागाई भत्ता ठरायचा. म्हणजे बाबांचाही.

आमच्या कॉलनीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. खालच्या मजल्यावरचे सक्सेना अंकल संध्याकाळी अंगणात पाणी मारता मारता वर बघून ओरडायचे, "सोमण साहब, इस बार ज़रा दिल खोल के लिखिए! बच्चे कूलर माँग रहे हैं."

बाबांचं उत्तर ठरलेलं होतं. "मैं लिखता नहीं, पूछता हूँ."

आईला तर हा विषय पुरून उरायचा. "एकवीस वर्षं भाव विचारतायत," ती म्हणायची, "घेतलं काय? एक रुमाल नाही. करोल बागेत ह्यांना बघून दुकानदार पंखा बंद करत असतील."

"उलट," बाबा म्हणायचे, "लालाजी पाणी देतात."

"देतील नाही तर काय. गिऱ्हाईक थोडंच आहात, पाहुणे आहात."

बाबा हसायचे. ते फार कमी हसत, पण या विनोदांवर हसायचे, आणि त्या हसण्यात थोडा अभिमान असायचा. तो मला तेव्हाही दिसत होता. चार मजल्यांच्या त्या सगळ्या इमारती, त्यांतले कूलर, मुलांच्या फिया, दुधाची बिलं, हे सगळं आपल्या पेन्सिलीच्या टोकावर कुठेतरी तोललेलं आहे, असं त्यांना वाटत असावं. ते कधी बोलून दाखवत नसत. पण पेन्सिलीला टोक करताना ते खाली वर्तमानपत्र पसरत, तेव्हा कळायचं.

मी अर्थशास्त्र घेतलं ते त्यांच्यासाठी. त्यांना फक्त भाव माहीत होता. पुढे त्याचं काय होतं, हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. "तू शिक आणि मला सांग," ते प्रवेशाच्या दिवशी म्हणाले होते. कॉलेज दूर, विद्यापीठाच्या खास बसनं सव्वा तास. वर्गात बहुतेक मुलं मोठ्या इंग्रजी शाळांतली. सर फळ्यावर दोन रेघा एकमेकींना छेदून काढत आणि म्हणत की यातलं एक काहीतरी बदललं तर काय होईल, बाकी सगळं तसंच राहिलं तर. मला अर्धं समजायचं. मग पुण्याच्या आत्यानं मराठी माध्यमाचं एक जुनं पुस्तक धाडलं. त्यात दर दुसऱ्या पानावर तेच वाक्य: इतर परिस्थिती कायम राहिल्यास. ते वाचून मला बरं वाटायचं. आमच्या घरात इतर परिस्थिती नेहमीच कायम होती. तोच क्वार्टर, तोच पगार, तीच संध्याकाळ.

पहिल्या वर्षी पुस्तकातून जे मनात रुतलं ते सीमांत नगाचं प्रकरण. भूक लागलेल्या माणसाला पहिली पोळी किती हवी, दुसरी किती, आणि शेवटच्या पोळीनं काय फरक पडतो. वस्तूची किंमत शेवटच्या नगावरून ठरते. एक नग काढून घेतला तर काय बिघडतं, हा प्रश्न एकदा विचारायला शिकलं की थांबता येत नाही. मी बसमध्ये बसून तो कशालाही लावायचो. एक प्रवासी उतरला तर. एक विद्यार्थी नापास झाला तर.

त्या शुक्रवारी बाबा मला मुद्दाम घेऊन गेले. निर्देशांकाचं प्रकरण सोमवारी होतं, आणि त्यांना ते मला बाजारात दाखवायचं होतं. मला जायचं नव्हतं. दुपारचा एक वाजलेला, बसच्या पत्र्याला हात लागत नव्हता. लालाजींच्या दुकानात तो शर्ट नव्हता. दुसऱ्या बनावटीचा होता.

"अरे साहब," लालाजी म्हणाले, "पिछले महीने वाला भाव लिख दो. क्या फ़र्क पड़ता है? बाकी लोग तो यही करते हैं, चाय की दुकान पे बैठ के."

हे खरं होतं. बाबांच्या कार्यालयात त्याला 'रिपीट' म्हणत. बाबा घरी त्याला मागीलप्रमाणे म्हणायचे, आणि तो शब्द ते शिवी दिल्यासारखा उच्चारायचे.

"माल कब आएगा?" बाबांनी विचारलं.

"गोदाम से लड़का लाएगा. घंटा लग जाएगा."

"बैठते हैं."

आम्ही एक तास दहा मिनिटं बसलो. लालाजींनी पाणी दिलं. मी मनात पानं मोजत होतो, या वेळात किती वाचून झाली असती ती. शर्ट आला. बाबांनी कॉलर उलटी करून पट्टी पाहिली, शिलाई पाहिली, आणि अठ्ठेचाळीस पन्नास लिहिलं. मागच्या महिन्यातही अठ्ठेचाळीस पन्नासच होता.

संध्याकाळी घरी आल्यावर सक्सेना अंकलनी खालून नेहमीचं विचारलं, बाबांनी नेहमीचं उत्तर दिलं आणि हसले. मला त्या हसण्याचा राग आला. एक तास दहा मिनिटांचा राग. मी वही ओढली आणि आकडेमोड सुरू केली. शर्टाचा निर्देशांकातला भार, शहरांची संख्या, शहरात दुकानं किती, त्यातलं हे एक. बाबांचा पगार, भत्त्याचं सूत्र. जे नक्की माहीत नव्हतं तिथे बाबांच्या बाजूनं झुकतं माप घेतलं. पंधरा मिनिटांत उत्तर आलं, मी ते दोनदा तपासलं आणि वही त्यांच्यापुढे ठेवली.

"बाबा, हे बघा. समजा तुम्ही शर्टाचा भाव दुप्पट लिहिला. सत्त्याण्णव रुपये. तर तुमच्या भत्त्यात महिन्याला अडीच पैशांचा फरक पडेल. आणि भत्ता पूर्ण रुपयांत देतात. म्हणजे शून्य."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही बघून लिहा, न बघता लिहा, काही होत नाही. लालाजी बरोबर म्हणत होते."

आई पोळ्या लाटत होती. तिचं लक्ष नव्हतं. बाबांनी वही जवळ घेतली. ते गुणाकार करताना ओठ हलवायचे. एकेक ओळ त्यांनी पेन्सिलीनं तपासली, वरून खाली, शाळेतल्या मास्तरांसारखी. मला वाटलं, चूक सापडेल. सापडावी असंही वाटलं. चौथ्या ओळीवर ते थांबले.

"इथं एक शून्य राहिलंय," ते म्हणाले. "अडीच नाही. पाव पैसा."

त्यांनी माझ्या आकड्यात ते शून्य नीट घातलं, वही मिटून मला परत दिली आणि म्हणाले, "परीक्षेत असं करू नकोस. मार्क जातील." मग हात धुवायला गेले.

सोमवारी निर्देशांकावर वीस मार्कांचा प्रश्न आला. मी एकही शून्य सोडलं नाही. त्या पेपरात मला एकाहत्तर पडले. तीन वर्षांतले माझे ते सर्वांत जास्त मार्क.

सप्टेंबरात तिसऱ्या वर्षाची पुस्तकं घ्यायला मी करोल बागेत गेलो. दुकानावरून जाताना लालाजींनी हाक मारली. "बेटा, पिताजी ठीक हैं? जून से आए नहीं. मैंने सोचा रिटायर हो गए." मी म्हटलं, ठीक आहेत. पंख्याखाली तोच शर्ट टांगलेला होता. किंमत बावन्न झाली होती.

बाबा दर ठरलेल्या शुक्रवारी घरून निघत होते. पिशवी, तक्ता, पेन्सिल, डब्यात दोन पोळ्या. मी आईला काही बोललो नाही. ऑक्टोबरच्या ठरलेल्या शुक्रवारी मी कॉलेजला दांडी मारून बाजारात गेलो. बाबा सापडायला वेळ लागला नाही. बाजाराला लागून एक पार्क आहे, लालाजींच्या दुकानापासून फार तर तीनशे पावलं. तिथे कडुलिंबाखालच्या बाकावर ते बसले होते. तक्ता मांडीवर. एकेक रकाना भरत होते, सावकाश, सुबक अक्षरात. एकवीस वस्तू. मधे एकदा टोक मोडलं, तेव्हा त्यांनी खिशातून पात्याचा तुकडा काढला, रुमाल पसरला आणि त्यावर पेन्सिलीला टोक केलं.

दोन बसगाड्या बदलून ते तिथवर का यायचे, हे मला तेव्हा कळलं नाही. घरी बसून खोटं लिहिणं त्यांना जमलं नसावं. निदान बाजारापर्यंत तरी जायचं.

मी पंधरा-वीस मिनिटं कुंपणाबाहेर उभा होतो. जाऊन सांगावं असं वाटलं, बाबा, माझं गणित चुकलं होतं. पण ते चुकलं नव्हतं. जेवढं चुकलं होतं तेवढं त्यांनीच दुरुस्त करून दिलं होतं. मी परत फिरलो.

यात कुणी पकडलं गेलं, चौकशी झाली, असं काही घडलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तसं काही झालं नाही. निर्देशांक दर महिन्याला निघत राहिला. भत्ता वाढायचा तेव्हा वाढला. बाबांना वरून एकही शेरा आला नाही, उलट तक्ता नीटनेटका असतो म्हणून साहेबांनी एकदा कौतुक केलं, असं आई शेजारी सांगत होती. सक्सेना अंकल खालून ओरडतच राहिले. बाबांचं उत्तर मात्र बदललं. "मैं लिखता नहीं, पूछता हूँ" हे त्यांनी पुन्हा कधी म्हटलं नाही. ते नुसते "हाँ जी, हाँ जी" म्हणायचे आणि आत यायचे. हा फरक माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आला नाही. फरक लहान होता.

मी दुसऱ्या वर्गात पदवी घेतली. पुढची जी मोठी परीक्षा द्यायची होती ती दिली नाही. एका विमा कंपनीच्या हिशेब खात्यात लागलो आणि अजून तिथेच आहे. अर्थशास्त्रातलं मला आज काय येतं, असं विचाराल तर एकच: एक माणूस वजा केला तर काय फरक पडतो, ते काढता येतं. कार्यालयातून मला वजा करून मी ते बरेचदा काढलं आहे. उत्तर नेहमी तेच येतं, शून्य कुठे राहिलेलं नसतं.

सईला वेट्स समजले तेव्हा ती म्हणाली, "पण बाबा, असे सगळेच छोटे छोटे असले तरी सगळे मिळून तर इंडेक्स होतो ना? कुणीच बघून लिहिलं नाही तर?" ती सहज बोलली आणि पुढचं उदाहरण सोडवायला लागली. हे वाक्य मला एकोणिसाव्या वर्षी सुचायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. मीही काही दिवस तसं म्हणून पाहिलं. पण ते त्या पाव पैशाला लागू पडत नाही. बाबांनी सगळ्यांचं विचारलं नव्हतं. त्यांनी फक्त स्वतःचं विचारलं होतं, 'म्हणजे?' असं, आणि मी त्यांना बरोबर उत्तर दिलं होतं. सगळ्यांचं मिळून जे होतं ते कुणा एकाच्या हातात ठेवता येत नाही. सूत्रात त्याला जागा नाही. मी शोधली आहे.

"आजोबा हेच काम करायचे ना?" सईनं मान वर न करता विचारलं. "किती कूल. म्हणजे ते रिअल डेटा घ्यायचे."

मी हो म्हटलं.

बाबा निवृत्त झाले, आणि पाच वर्षांनी, १७ मार्च १९९६ला, गेले. छातीत कळ, सफदरजंग हॉस्पिटलच्या वाटेवरच संपलं. जून महिन्यात महागाईचा नवा दर जाहीर झाला, जानेवारीपासूनचा. बाबांची जानेवारी ते सतरा मार्चची थकबाकी आणि त्यापुढची आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनावरची, अशी दोन्ही मिळून बँकेत आली. आईला मी ऑटोनं घेऊन गेलो. बँकेत पंखे होते, पण रांग दारापर्यंत होती, आणि दार उघडंच होतं. तिला बाकावर बसवून मी पावती वाचून दाखवली.

"ह्यात ह्यांचे किती?" तिनं विचारलं.

"चारशे अठ्ठावीस. जानेवारीचे एकशे अडुसष्ट, फेब्रुवारीचे एकशे अडुसष्ट, मार्चच्या सतरा दिवसांचे ब्याण्णव. बाकी दोनशे सहा तुझे."

"तसं नाही रे," आई म्हणाली. "ते करोल बागेत जाऊन जाऊन भाव लिहायचे ना. ऊन नाही, थंडी नाही. त्याचे ह्यात किती असतील?"

तिला पार्कातलं काही ठाऊक नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती, कारण घरात अर्थशास्त्र शिकलेला मीच होतो.

"काढून सांगतो," मी म्हटलं.

"काढ सावकाश," ती म्हणाली. "घाई नाही."

मग खिडकीवरून तिचं नाव पुकारलं गेलं. रोखपालानं सहाशे चौतीस रुपये दिले. सही आईनं केली, पैसे मी तिच्या हातात ठेवले.